म्हापसा कोर्टातली जुनी ट्रॅफिक केस शोधायची आहे, नक्कल कशी मिळेल?

तारवट्याची_बहीण
नमस्कार मंडळी. काम भावाचं आहे, पण तो बोटीवर असल्यामुळे धावपळ माझ्या गळ्यात आलीय.

काही वर्षांपूर्वी रजेवर घरी आलेला असताना कळंगुटच्या बाजूला नाकाबंदीत तो सापडला. दारू पिऊन स्कूटर चालवत होता. तोंडात नळी फुंकायला लावली, स्कूटर ठेवून घेतली. मग म्हापशाला कोर्टात उभा राहिला, गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि स्कूटर घेऊन आला. घरात आईला कळू दिलं नाही, ते प्रकरण वेगळंच. आता वहिनी कॅनडात आहे आणि याला तिकडे जायचंय. फॉर्ममध्ये कधी शिक्षा झाली होती का ते विचारलंय आणि असल्यास कोर्टाचे कागद जोडायला सांगितलंय. पावती हरवली आणि केस नंबर कुणाला ठाऊक नाही. तो म्हणतो, कोविडच्या आधीची गोष्ट, २०१८ असेल, आणि दहा हजार भरले. ई-कोर्ट्सच्या साइटवर नाव टाकून पाहिलं तर काहीच येत नाही.

कुठून सुरुवात करू? म्हापशाला जाऊन कुणाला विचारायचं?

सत्तरीचा_फणस
दंड भरला ना? मग फॉर्मवर 'नाही' लिही आणि मोकळी हो. ट्रॅफिकच्या दंडाला कोण शिक्षा म्हणतं?

काळाकोट_फोंडा
फणसराव, असले सल्ले फुकट देऊ नका, समोरच्याला महागात पडतात.

रस्त्यावर किंवा ऑनलाइन चलन भरलं तर ती मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खालची तडजोड असते. पैसे भरले की प्रकरण तिथेच संपतं, कोर्टाचा संबंध येत नाही. हेल्मेट, सीट बेल्ट, नो पार्किंग ही सगळी त्यातली. दारू पिऊन चालवणं म्हणजे कलम १८५. त्यात पोलिसांना तडजोड करता येत नाही, न्यायदंडाधिकाऱ्यासमोर जावंच लागतं. तिथे गुन्हा कबूल करून दंड भरला की ती दोषसिद्धी झाली, मग दंड शंभर रुपये असो की दहा हजार. कॅनडाने तर डिसेंबर २०१८ पासून दारू पिऊन गाडी चालवणं गंभीर गुन्ह्यांत घातलंय. तिथे लपवलेलं सापडलं तर मूळ गुन्ह्यापेक्षा खोटं बोलणं जड जातं.

ताई, तुमच्या हकिकतीत मला एक गोष्ट खटकते. ऑगस्ट २०१९ पर्यंत कलम १८५ खाली पहिल्या गुन्ह्याला दंडाची कमाल मर्यादाच दोन हजार होती. दहा हजार आले ते केंद्राच्या दुरुस्तीने, १ सप्टेंबर २०१९ पासून. म्हणजे एकतर रक्कम चुकीची आहे किंवा साल.

पेडणेकर_भाऊ
पण वकीलसाहेब, गोव्यात वाढीव दंड १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले ना? त्या वेळी रस्त्यांच्या खड्ड्यांवरून किती बोंबाबोंब झाली होती. आधी रस्ते करा, मग दंड घ्या म्हणून.

काळाकोट_फोंडा
तो एप्रिल २०२२ चा मुहूर्त तडजोडीच्या दरांचा, म्हणजे पोलीस आणि आरटीओ जागेवर जे घेतात त्यांचा. ते दर राज्य सरकार ठरवतं. कलम १८५ ची शिक्षा कायद्यातच लिहिलेली आहे, ती राज्याच्या अधिसूचनेची वाट पाहत नाही. भाऊ 'कोविडच्या आधी' आणि 'दहा हजार' या दोन्हींवर ठाम असेल तर सप्टेंबर २०१९ ते मार्च २०२० एवढ्याच पट्ट्यात शोधा.

मी_माहिती_मागतो
एवढा खटाटोप कशाला? दहा रुपयांचा आरटीआय टाका. तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. कोर्टही सार्वजनिक प्राधिकरणच आहे.

काळाकोट_फोंडा
अर्ज परत येईल. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरात हायकोर्टाच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की न्यायालयीन नोंदींच्या नकला कोर्टाच्या स्वतःच्या नियमांनी मागायच्या, आरटीआयने नाही. नियम आहेत आणि ते कामाचे आहेत, तर मागच्या दाराने कशाला जायचं?

मी_माहिती_मागतो
नियम कामाचे आहेत हे कोर्टात काळा कोट घालून जाणाऱ्याने सांगायचं. माझ्यासारखा माणूस साध्या चपला घालून गेला की "साहेब रजेवर आहेत, सोमवारी या". कुठल्या कोर्टात ते लिहीत नाही, पण अनुभव ताजा आहे. आरटीआयला निदान पोच तरी मिळते.

निवृत्त_नाझर
मी लिहावं की नाही असा विचार करत होतो. कोर्टाच्या कचेरीत आयुष्य गेलं, आता सकाळी चालायला जातो आणि तुमचे धागे वाचतो.

माहिती मागतो यांचा राग खोटा नाही. सोमवारी या असं आम्ही सांगत होतो, कारण अर्ज घेऊन येणाऱ्या दहापैकी नऊ जणांकडे केस नंबर नसतो. "भावाची ट्रॅफिकची केस, तीन-चार वर्षं झाली" एवढ्यावर रेकॉर्ड रूममध्ये शिपायाला पाठवायचं म्हणजे त्याला शिक्षा केल्यासारखं. गठ्ठे निकालाच्या महिन्याप्रमाणे बांधलेले असतात, माणसाच्या नावाप्रमाणे नव्हेत. निकालाचा महिना कळला तरी अर्धं काम झालं.

म्हणून ताई, कोर्टात जायच्या आधी दोन गोष्टी करा.

ज्या ट्रॅफिक सेलने पकडलं तिथे जा. म्हापसा नव्हे, ज्यांनी नाकाबंदी लावली होती ते. कोणतं चलन कोणत्या तारखेला कोर्टात पाठवलं याची नोंद त्यांच्याकडे रजिस्टरमध्ये असते. कळंगुट येतं त्या बार्देश तालुक्यातल्या सेलचे कागद म्हापशाला जातात, पेडण्यातले पेडण्याला. इथे आरटीआयही चालेल, स्वतःच्या चलनाची माहिती म्हणून भावाच्या सहीने मागा. पोलीस कोर्ट नव्हेत.

दुसरं ई-कोर्ट्सचं. तुम्ही नाव टाकलंत तेव्हा खाली 'प्रलंबित' वर टिंब होतं का 'निकाली' वर? साइट आपणहून प्रलंबित धरते. तुमची केस त्याच दिवशी निकाली निघालेली, ती प्रलंबितमध्ये कशी दिसणार? टिंब बदला, जिल्हा उत्तर गोवा, संकुल म्हापसा, आणि एकेक साल घालून बघा.

मडगावची_माई
नाझरकाका, तुम्ही जास्त लिहीत जा हो.

नावाच्या स्पेलिंगचं पण बघा. आमच्या नात्यात एकच आडनाव तीन तऱ्हेने लिहितात. नाईक कुणाचं शेवटी के, कुणाचं पोर्तुगीज वळणाचं क्यू-यू-ई. एकाच घरात दोन भावांचं वेगळं. पोलीस शिपाई कानाला ऐकू येईल तसं किंवा लायसनवर असेल तसं लिहितो, आणि कोर्टातला माणूस शिपायाचं बघून. मी सासऱ्यांचा कज्जा शोधत होते तेव्हा आडनाव सोडून नुसत्या पहिल्या नावाची चार अक्षरं टाकली. यादी लांब आली, पण त्यात होतं.

सत्तरीचा_फणस
माई, चार अक्षरांत 'संतो' टाकलं तर अख्खा बार्देश येईल.

रेंट_बाइकवाला
थोडं विषयांतर करतो. माझ्या काळ्या पाटीच्या भाड्याच्या स्कूटर आहेत. पर्यटक दोन दिवसांत सहा पराक्रम करून विमानात बसतो आणि चलन येतं माझ्या नावावर. परवा एकाने स्कूटर मांडवीवरच्या अटल सेतूवर घातली. २०१९ पासून पूल आहे, दुचाकीला बंदी आहे, बोर्ड आहे, पण गुगलबाईने सरळ जा म्हटलं की हे सरळ जातात. आता वाहन विकायचंय तर आरटीओत जुनं चलन दिसतंय आणि पुढे 'कोर्टात पाठवले' असं लिहून आलंय. मला समन्स काही आलं नाही. कोर्टात शोधलं तर तिथेही नाही. मग ते आहे कुठे?

पेडणेकर_भाऊ
मधल्यामध्ये. सरकारी कागदांची अशीच जागा असते.

काळाकोट_फोंडा
हसण्यावारी नेऊ नका, हीच सगळ्यात मोठी गोची आहे. चलनाच्या यंत्रणेत 'कोर्टात पाठवले' असं दिसणं आणि कोर्टाने ते नोंदवून नंबर देणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. कोर्टाचा नंबर पडेपर्यंत कोर्टात शोधून काही हाती लागत नाही. चलन नंबर घेऊन सेललाच विचारा की कोणत्या तारखेच्या यादीत पाठवलं.

आणखी एक. ज्या गुन्ह्याला फक्त दंडाचीच शिक्षा आहे त्याची दखल कोर्टाने सहा महिन्यांच्या आत घ्यावी लागते, तशी मुदत फौजदारी प्रक्रियेत आहे. जुनी कलम ४६८, आता नागरिक सुरक्षा संहितेत ५१४. तुमचं चलन किती जुनं ते बघून वकिलाशी बोला. भाड्याचा करार आणि त्या माणसाच्या लायसनची प्रत आहे ना? कॅमेऱ्याचं चलन असेल तर फोटो मागा. २०२१ च्या नियमांप्रमाणे चलन निकाली निघेपर्यंत तो पुरावा जपून ठेवणं बंधनकारक आहे आणि नोटीसही पंधरा दिवसांत पाठवायची असते.

रेंट_बाइकवाला
करार आहे. लायसनची प्रत व्हॉट्सअॅपवर होती. फोन बदलला.

सावंतवाडीहून
आम्ही बांद्याच्या पलीकडून येतो तेव्हा एमएच-०७ पाटी बघून आधी आम्हालाच बाजूला घेतात, हे सर्वांना ठाऊक आहे. ते असो. माझी अडचण अशी की गोव्यातलं चलन महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवर दिसतच नाही.

निवृत्त_नाझर
दिसणार नाही. महाराष्ट्र पोलिसांची चलनाची साइट त्यांची स्वतःची, गोव्याचं चलन केंद्राच्या परिवहनच्या ई-चलन साइटवर. तिथे चलन नंबर, गाडी नंबर किंवा लायसन नंबर घालून सापडतं. गाडीचा नंबर घातला तर चॅसिस किंवा इंजिनच्या शेवटच्या अंकांची गरज पडते, आरसी बुक जवळ घेऊन बसा.

सत्तरीचा_फणस
ट्रॅफिक सेंटिनेल आठवतात का कुणाला? २०१७ मध्ये पोलिसांनी काढलेली योजना. लोकांनी फोटो काढून पाठवायचे आणि गुण मिळवायचे. आमच्या वाळपईत एक जण कोपऱ्यावर चहा पीत दिवसभर मोबाईल रोखून बसायचा. गावाने त्याला लग्नाची आमंत्रणं देणं बंद केलं.

मडगावची_माई
बसू दे की. हेल्मेट घालायला काय जातं तुमचं?

पेडणेकर_भाऊ
माई, फणसाचं डोकं हेल्मेटात मावत नाही.

नव्यानेच_आलेली
मला उलटं विचारायचंय. आमच्या सोसायटीतल्या मुलांना शाळेत नेणारी व्हॅन आहे. नवीन ड्रायव्हर ठेवलाय. त्याच्यावर दारू पिऊन चालवल्याची केस होती असं कानावर आलं. दुसऱ्याच्या केसची माहिती आपल्याला काढता येते का? की फक्त ज्याची त्याला?

मी_माहिती_मागतो
खुल्या कोर्टात चालतं ते सगळ्यांचं. साइटवर नाव टाका, बघा.

काळाकोट_फोंडा
साइटवर दिसेल तेवढं बघायला हरकत नाही. नक्कल मात्र वेगळी. आदेशाने ज्याच्यावर परिणाम झाला त्याला अर्ज आणि फी भरली की नक्कल मिळते. तिऱ्हाइताने अर्ज केला तर कारण द्यावं लागतं आणि द्यायची की नाही ते कोर्ट ठरवतं. आणि नुसत्या नावावर विसंबू नका. एकाच नावाचे चार जण असतात, वडिलांचं नाव आणि पत्ता जुळल्याशिवाय कुणाच्या पोटावर पाय आणू नका. त्यापेक्षा व्हॅनच्या मालकाला सांगा, ड्रायव्हरचं लायसन आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला दाखव. मुलांच्या पालकांनी मागितलं तर देणं त्याच्याच फायद्याचं आहे.

नव्यानेच_आलेली
हे पटलं. मालकाशी बोलते.

सत्तरीचा_फणस
लग्न जुळवताना कुंडलीबरोबर ई-कोर्ट्सचं पान छापून घ्यावं, असा ठराव मांडतो. मंगळापेक्षा कलम १८५ वाईट.

तारवट्याची_बहीण
सापडली!!

नाझरकाका, टिंब प्रलंबितवरच होतं. वकीलसाहेबांनी दिलेला पट्टाही बरोबर निघाला. भावाला मेसेज केला की सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदीचं पुस्तक, काढ आणि त्या काळात बोटीवरून कधी उतरलास ते सांग. २०१८ चा अख्खा सीझन तो समुद्रावर होता, रजेवर आला तो जानेवारी २०२० मध्ये. केस फेब्रुवारी २०२० ची, कार्निव्हालचे दिवस. कोविडच्या आधी हे त्याचं खरंच होतं म्हणायचं, जेमतेम महिनाभर आधी.

आणि माई, नाव! त्याचं पासपोर्टवर के-ने संपणारं आडनाव, कोर्टात क्यू-यू-ई. तुम्ही सांगितल्यासारखं पहिल्या नावाची सुरुवात टाकली तेव्हा दिसलं. समोर सीएनआर नंबर (ई-कोर्ट्सवरचा केसचा ओळख क्रमांक) आहे, 'निकाली' लिहिलंय, कलम १८५ पण आहे. पण आदेशाची पीडीएफ उघडत नाही. आता अर्जात नक्की काय मागू? 'संपूर्ण फाइल' लिहू का?

निवृत्त_नाझर
शाब्बास. सीडीसीची युक्ती मला सुचली नसती.

संपूर्ण फाइल लिहाल तर निराश व्हाल. अशा केसेस संक्षिप्त पद्धतीने चालतात. त्यात साक्षीपुरावे, लांबलचक निकालपत्र असलं काही नसतं. दंडाधिकाऱ्याने ठरलेल्या नमुन्यात भरायचं असतं: अनुक्रमांक, गुन्ह्याची तारीख, तक्रारदार, आरोपीचं नाव, वडिलांचं नाव, पत्ता, गुन्हा कोणता, आरोपी काय म्हणाला, निष्कर्ष, शिक्षा, निकालाची तारीख. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २६३, आताच्या संहितेत २८६. बहुतेक वेळा सगळं एका पानावर. वर ट्रॅफिक सेलचं मूळ चलन, श्वास तपासणीच्या यंत्राची छोटी पट्टी चिकटवलेली असते, आणि दंडाच्या पावतीचा नंबर. त्या पट्टीवरची शाई कालांतराने उडते, कधीकधी आकडा वाचता येत नाही.

तर अर्जात लिहा: केस नंबर, सीएनआर, निकालाची तारीख, आणि 'आरोपीचा जबाब, निष्कर्ष व शिक्षेचा आदेश यांची, तसेच दोषारोपाच्या कागदाची प्रमाणित प्रत'. दंड भरल्याची नोंदही मागा. शिक्षा झाली एवढंच नव्हे, ती भोगून पूर्ण झाली हेही त्यांना कळायला हवं. कोर्ट फी स्टॅम्प लावा. भाऊ स्वतः येणार नसेल तर त्याचं अधिकारपत्र आणि ओळखपत्राची प्रत जोडा, नाहीतर सरळ वकिलामार्फत टाका.

आणि उशीर करू नका. किरकोळ केसच्या फाइली ठराविक मुदतीनंतर नियमाप्रमाणे नष्ट करतात. नोंदवही जास्त काळ राहते. फाइल गेली असेल तर नोंदवहीतल्या उताऱ्याची प्रमाणित प्रत मागता येते.

मी_माहिती_मागतो
नाझरकाका कामावर असताना माझी भेट का झाली नाही?

निवृत्त_नाझर
झालीही असेल. मी सोमवारी या म्हटलं असेन.

काळाकोट_फोंडा
रेंट_बाइकवाले, तुमचं काही पुढे सरकलं का?

रेंट_बाइकवाला
सेलमध्ये गेलो. यादी निघाली, पण कोर्टाचा नंबर अजून पडलेला नाही. पुढच्या राष्ट्रीय लोक अदालतीत ठेवता येईल का विचारलं, चलन नंबर लिहून घेतलाय. पूल ओलांडणारा गडी इन्स्टाग्रामवर सापडला. अटल सेतूवरचा फोटो अजून लावून ठेवलाय त्याने, माझ्या स्कूटरसकट, नंबर दिसतोय.

काळाकोट_फोंडा
स्क्रीनशॉट काढा. आत्ता. तारीख दिसेल असा.

तारवट्याची_बहीण
अर्ज टाकला. खिडकीवरच्या बाईंनी केस नंबर बघितला आणि एक प्रश्नही न विचारता पोच दिली. एकच शंका. नक्कल क्यू-यू-ई नावानेच येणार ना? ती पासपोर्टप्रमाणे करून मिळेल का?

निवृत्त_नाझर
नाही. नक्कल म्हणजे मुळात जसं आहे तसं, चूक असली तरी. स्पेलिंग बदलून कुणी देणार नाही आणि तसं मागूही नका. दोन्ही नावांची व्यक्ती मीच असं प्रतिज्ञापत्र भावाने करायचं, त्यात लायसन नंबर आणि वडिलांचं नाव घालायचं, आणि ते नक्कलेला जोडायचं. बोटीवर असेल तर उतरल्यावर करू दे. नक्कल हातात आली की आधी शेवटच्या पानावरचा शिक्का बघा: अर्ज कधी केला, प्रत कधी तयार झाली, कधी दिली. तिन्ही तारखा आणि सही तिथेच, खिडकी सोडायच्या आधी तपासा. आणि एकाऐवजी दोन प्रती मागून ठेवा.

सत्तरीचा_फणस
आणि एक आईपासून लपवून ठेवायला.